लेकरांना समुद्र दाखवा, पण तयारीनिशी

आपल्या वस्तीतली कॉलेजात जाणारी दहा मुले-मुली एकत्र बसवा आणि विचारा, "समुद्र कोणी पाहिला?" कळंबला आम्ही हा प्रश्न पुष्कळदा विचारला आहे. दोन-तीन हात वर होतात. ते बहुतेक सहा डिसेंबरचे असतात. आजीसोबत, आई-वडिलांसोबत चैत्यभूमीला गेलेले. रांगेत तासन् तास उभे राहून बाबासाहेबांना अभिवादन केले, बाहेर पडले, आणि समोर दादरची चौपाटी. पाच मिनिटे पाय ओले केले आणि गाडी पकडायला निघाले. बाकीच्यांनी समुद्र मोबाईलवर पाहिलेला असतो.

यात तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. घरात तेल-मीठ भागत नाही, फी भरायची आहे, आणि तुम्ही समुद्राच्या गोष्टी काय करता? एका माउलीने आम्हाला सरळच विचारले, "बाई, समुद्र पाहून पोट भरते काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून हा पाठ तिथूनच सुरू करू.

हा आरोग्याचा विषय कसा?

आरोग्य म्हणजे फक्त आजार नसणे नव्हे. अठरा ते बावीस वर्षांचे वय हे अभ्यासाच्या, स्पर्धा परीक्षेच्या, नोकरीच्या काळजीचे असते. आपल्या मुलांच्या डोक्यावर त्याच्या जोडीला घरच्या अपेक्षांचे ओझे असते. घरातला पहिला पदवीधर तूच, असे त्याला रोज ऐकवले जाते. अशा मुलाला मोकळी हवा, चालणे, खेळणे, मित्रांबरोबर हसणे यांची गरज असते. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे शरीराला व्यायाम द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वस्तीत मैदान नसेल आणि खोलीत चार माणसे झोपत असतील, तर ही १५० मिनिटे कुठून येणार?

विसावा ही श्रीमंतांची चैन नाही, हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या काळात कारखाने कायद्यात दुरुस्त्या होऊन कामगाराला पगारी सुटी मिळाली आणि कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. कामगाराला माणूस म्हणून जगायला वेळ हवा, हा त्यामागचा विचार. मजुराला जो विसावा हवा तो मजुराच्या शिकणाऱ्या लेकरालाही हवा.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपली मुले समुद्रावर जातातच. कोणाचा चुलतभाऊ मुंबईला असतो, कोणाची कॉलेजची सहल निघते, कोणी भरतीच्या परीक्षेला जातो आणि मित्रांबरोबर किनाऱ्यावर पोहोचतो. न पोहता येणारे, लाटांची ओळख नसलेले, कमरेपर्यंत पाण्यात उतरलेले तरुण दर वर्षी बुडतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून अधिक विद्यार्थी एकाच दुपारी बुडाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. आपल्या देशातही वर्षाला तीस हजारांहून अधिक मृत्यू बुडून होतात. त्यासाठी समुद्रच लागतो असे नाही. बेंबळा धरण, वर्धा नदी, गावची विहीर, प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे, यांत आपल्या जिल्ह्यातली लेकरे जातात. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर पाय घसरला की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

पाण्यापासून दूर ठेवलेली माणसे

आपल्यात पोहणारे कमी का, याचा विचार करा. पोहणे पुस्तकातून येत नाही, ते पाण्यात उतरून येते. ज्या समाजाला गावच्या विहिरीवर आणि तळ्यावर जाऊ दिले नाही, त्याची लेकरे पोहायला कुठे शिकणार होती?

महाडची गोष्ट आपण पाण्याच्या हक्काची म्हणून सांगतो. ती आरोग्याचीही आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने पुढे तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात खुले झाले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. न्यायालयातली लढाई त्यानंतर दहा वर्षे चालली आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ठराव होणे वेगळे आणि पाण्यापर्यंत पाऊल पोहोचणे वेगळे, हा महाडचा धडा आहे.

अमेरिकेतही असेच घडले. मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावाला २६ मैलांचा सुंदर किनारा होता आणि त्यावर काळ्या लोकांना जाण्यास मनाई होती. गिल्बर्ट मेसन नावाचे काळे डॉक्टर मे १९५९ मध्ये काही जणांना आणि मुलांना घेऊन त्या समुद्रात उतरले. पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. २४ एप्रिल १९६० रोजी ते सव्वाशेच्या आसपास लोकांसह पुन्हा गेले, तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने काठ्या आणि साखळ्यांनी मारहाण केली. शेवटी १९६८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने तो किनारा सर्वांना खुला झाला. आणि आजही त्या देशात काळी मुले गोऱ्या मुलांपेक्षा अधिक प्रमाणात बुडतात, कारण आईबापांना पोहता येत नसेल तर मुले शिकत नाहीत. बंदी उठली तरी तिचा परिणाम पिढ्यान् पिढ्या शरीरात राहतो.

आज आपल्याला किनाऱ्यावर कोणी अडवत नाही. अडवते ते भाडे, माहितीचा अभाव, घरच्यांची भीती आणि "ते आपल्यासाठी नाही" ही सवय. यातली एकेक गोष्ट दूर करता येते.

समुद्र आपल्याही इतिहासातला आहे

कळंब ते समुद्र हे अंतर मोठे आहे. वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. पण एक गंमत सांगतो. नालासोपाऱ्याजवळ अगदी समुद्रकाठी कळंब नावाचे दुसरे गाव आहे! आणि तिथून जवळच सोपारा आहे. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरून काढला. व्यापारी गलबतांबरोबर धम्म या किनाऱ्यावरून ये-जा करीत होता.

खाली दक्षिणेला जाल तर राजपुरी खाडीजवळ कुडा लेणी आहेत, महाडच्या वेशीवर गांधारपाले लेणी आहेत, दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी आहे. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. रामजी सुभेदार निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले. दापोलीजवळचे वणंद हे रमाईचे माहेर. रमाईचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहत, असे रमाईची चरित्रे सांगतात. म्हणजे समुद्र आपल्याला परका नाही. आपल्या माणसांनी त्याच्या काठावर ओझी वाहिली. आता त्यांच्या नातवंडांनी तिथे जाऊन श्वास घ्यावा, वाळूत चालावे, शंख-शिंपले न्याहाळावेत.

म्हणून आमची सूचना अशी आहे. महाड, आंबडवे, वणंद आणि हर्णैचा किनारा अशी चार-पाच दिवसांची अभ्यास सहल काढावी. त्यात इतिहासही होतो, समुद्रही होतो आणि घरच्यांना "फिरायला चालले" असे वाटत नाही. ज्यांना तेवढे जमत नाही त्यांनी मुंबईत दोन दिवस काढावेत. सहा डिसेंबरच्या गर्दीत नव्हे, तर जानेवारी-फेब्रुवारीत. चैत्यभूमी, राजगृह, सोपारा आणि ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावरचे जीव पाहणे. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून लोकांना अशा किनाराफेऱ्यांना नेतो. खेकडे, समुद्रफुले, शंखातले जीव पाहायला पाण्यात उतरावे लागत नाही, त्यामुळे न पोहणाऱ्यांसाठी ही सर्वांत चांगली सुरुवात आहे.

पैसा आणि प्रवास

सवलती आहेत, पण त्या मागाव्या लागतात.

शैक्षणिक सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना रेल्वेत दुसऱ्या वर्गात आणि स्लीपरमध्ये ५० टक्के सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी ती ७५ टक्के आहे. त्यासाठी प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचा अर्ज लागतो, आणि तिकीट खिडकीवर काढावे लागते. मोबाईलवर ही सवलत मिळत नाही. दोन महिने आधी वर्धा स्टेशनवर जाऊन सध्याचे नियम विचारून घ्या. मुंबईकडे जाणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेस आणि सेवाग्राम एक्स्प्रेस वर्ध्याला थांबतात. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब रेल्वेमार्गही सुरू झाला, तेव्हा गाडीची वेळ जुळते का तेही पाहा. कोकणात उतरायला कोकण रेल्वेची वीर आणि खेड ही स्थानके सोयीची. वीर महाडसाठी, खेड दापोलीसाठी.

एसटी महामंडळ शैक्षणिक सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते. त्यासाठी कॉलेजचे पत्र लागते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, ते वेगळे.

उरलेल्या खर्चासाठी बचत गटाची रीत वापरा. वीस मुलांनी महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षात २४ हजार रुपये होतात. ज्याला शंभर जमत नाहीत त्याने पन्नास टाकावे आणि उरलेले विहाराच्या दानातून भरावे, पण त्याचे नाव यादीत वेगळे लिहू नये. पैशामुळे मागे राहिलेले लेकरू पैशाचे कारण कधी सांगत नाही. "मला नाही आवडत" म्हणते. हे ऐकायला शिकले पाहिजे.

पाठीशी संस्था उभी राहिली तर काय घडते, याची उदाहरणे जवळचीच आहेत. तेलंगणातल्या समाजकल्याण निवासी शाळेत शिकणारी पूर्णा मालावत २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचली, तेव्हा ती चौदा वर्षांचीही नव्हती. मे २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतील पाच आदिवासी विद्यार्थी आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टवर गेले. ही मुले जन्मजात गिर्यारोहक नव्हती. त्यांना प्रशिक्षण, खुराक, साहित्य आणि विश्वास मिळाला. आपल्याला तर फक्त समुद्रापर्यंत जायचे आहे.

सिकलसेल असलेले लेकरू मागे राहू नये

आता आमच्या कामातला सर्वांत नाजूक विषय. विदर्भात आदिवासी आणि आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, ती ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्यासाठी. तरीही सहलीच्या वेळी दोन चुकीच्या गोष्टी घडताना आम्ही पाहतो. एक, शिक्षक म्हणतात, "हा आजारी असतो, याला नको." दोन, तो मुलगा किंवा मुलगी आजार लपवून जाते, पाणी कमी पिते, थंडीत कुडकुडते आणि तिसऱ्या दिवशी हातापायाच्या असह्य वेदनेने दवाखान्यात पोहोचते. दोन्ही टाळता येते.

आधी फरक समजून घ्या. सिकलसेल वाहक म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून दोष आलेला. वाहकाला सहसा त्रास होत नाही, तो सर्व काही करू शकतो. फक्त फार दमछाक करताना पाणी भरपूर प्यावे, मधे मधे थांबावे. सिकलसेल रुग्ण म्हणजे दोघांकडून दोष आलेला. त्याच्या रक्तातल्या लाल पेशी पाणी कमी पडले, थंडी वाजली, प्राणवायू कमी मिळाला की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून वेदना होते.

रुग्ण असलेल्या मुलाने सहलीला जाण्यासाठी इतके पाळावे.

१. निघण्याआधी दोन आठवडे डॉक्टरला दाखवावे, हिमोग्लोबिन तपासावे आणि जाऊ का ते विचारावे. नुकतीच वेदनेची लाट येऊन गेली असेल किंवा ताप असेल तर या वेळी थांबावे, पुढच्या वेळी जावे.

२. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिडची गोळी चालू असेल तर एकही दिवस चुकवू नये. गोळ्या मोठ्या बॅगेत नव्हे, जवळच्या पिशवीत ठेवाव्यात. सिकलसेलचे कार्ड आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत असावी.

३. दर तासाला पाणी. प्रवासात लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे हे मुलींमध्ये फार आढळते. सिकलसेलमध्ये ते धोक्याचे आहे. शिक्षकांनीच दर दोन-तीन तासांनी गाडी थांबवावी.

४. रात्रीच्या गाडीत स्वेटर, कानटोपी, मोजे. समुद्रात पाय भिजवावेत, किनाऱ्यावर चालावे, पण थंड पाण्यात फार वेळ डुंबू नये. बाहेर आल्याबरोबर अंग कोरडे करून कोरडे कपडे घालावेत.

५. मालवण-तारकर्लीकडे समुद्राखाली पोहण्याचा खेळ असतो, तो सिकलसेल रुग्णाने करू नये.

६. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, पोट फुगून दुखणे, एकाएकी अंगाची एक बाजू लुळी पडणे, डोळे अचानक खूप पिवळे होणे, यांतले काहीही झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात न्यावे.

शिक्षकांना आमची विनंती आहे की सर्वांसमोर "सिकलसेलवाले कोण?" असे विचारू नका. प्रत्येकाकडून बंद पाकिटात आरोग्याची माहिती घ्या. त्यात दमा, फिट येणे, मधुमेह, हृदयाचा त्रास, कोणत्या औषधाची अॅलर्जी, हे सगळेच विचारा. फिट येणाऱ्या मुलाने घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये आणि त्याच्या शेजारी नेहमी कोणीतरी असावे. दम्याच्या मुलाचा पंप खिशात असावा.

मुलींबद्दल दोन शब्द

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. म्हणून सहलीच्या तीन महिने आधी मुलींचे हिमोग्लोबिन तपासा आणि डॉक्टरच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू करा. चढण चढताना धाप लागणारी मुलगी आळशी नसते, तिचे रक्त कमी असते. एक खूणगाठ मात्र बांधा. मुलगी सिकलसेल रुग्ण असेल तर लोहाची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये.

पाळी आली म्हणून सहल चुकवायचे कारण नाही. पॅड, जुन्या कागदाच्या पिशव्या आणि पोटदुखीची गोळी सोबत ठेवा. त्या दिवशी पाण्यात न उतरता किनाऱ्यावर फिरता येते. पाण्यात उतरायचे असेल तर ओढणी, साडी, घेरदार कपडे नकोत. ते भिजले की पायात गुंततात आणि खाली ओढतात. अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग ठीक. मुली जिथे कपडे बदलणार ती जागा शिक्षिकेने आधी पाहून यावी.

आणि आई-वडिलांनो, मुलाला जाऊ देता आणि मुलीला नको म्हणता, हे आता सोडा. सोबत शिक्षिका आहे का, मुक्काम कुठे आहे, फोन कोणाकडे आहे, हे जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे. उत्तरे समाधानकारक असतील तर लेकीला पाठवा.

भरती, ओहोटी आणि ओढ

समुद्र दिवसातून दोनदा वर येतो आणि दोनदा मागे जातो. वर येणे म्हणजे भरती, मागे जाणे म्हणजे ओहोटी. दोन्हींमध्ये साधारण सहा तासांचे अंतर, आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. हे चंद्रामुळे घडते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी असते, तिला उधाण म्हणतात. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास पाणी सर्वांत वर असते आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वांत खाली. अष्टमीला साधारण याच्या उलट. आपल्या घरी पौर्णिमा लक्षात ठेवतातच, त्यावरून एवढा हिशेब कोणालाही करता येईल. तरी नेमकी वेळ किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारा. त्यांच्यापेक्षा चांगला शिक्षक नाही.

ओहोटीत पाणी मागे जाताना माणसालाही आत खेचते. कमी पाणी दिसते म्हणून मुले पुढे पुढे जातात आणि तिथेच घात होतो. खडकावर किंवा लांबच्या वाळूच्या पट्ट्यावर गेले असता मागून भरतीचे पाणी शिरले की परतीची वाट बंद होते.

काही ठिकाणी किनाऱ्याकडून आत जाणारा अरुंद जोरदार प्रवाह असतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा शांत दिसतो. नवखा माणूस नेमका तिथे उतरतो. या ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट करू नका. त्यात ताकद संपते. पाठीवर तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा.

आमचे नियम मोजके आहेत. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचे नाही. अंधार पडल्यावर नाही. दारू घेतलेल्या कोणी नाही. पोहता न येणाऱ्याने गुडघ्यापुढे नाही. जिथे जीवरक्षक नाही किंवा लाल बावटा आहे तिथे नाही. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि दर पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजवून मोजणी. सेल्फीसाठी खडकाच्या टोकावर जाणारा पहिला मुलगा दिसला की सगळ्यांना बाहेर काढायचे.

कोणी बुडत असेल तर

मागोमाग उडी मारू नका. बुडणारा माणूस घाबरून वाचवणाऱ्यालाच धरतो, आणि एकाच्या जागी दोन-तीन जातात. ओरडून लोकांना बोलवा. दोर, ओढण्या एकमेकींना बांधून, रिकामा बंद कॅन, बांबू, जे तरंगेल किंवा पोहोचेल ते फेका. ११२ ला फोन करा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबू नका. त्याने पोटातले पाणी फुप्फुसात जाते आणि वेळही जातो. हाक मारा, श्वास पाहा. श्वास नसेल तर पाठीवर झोपवा, मान थोडी मागे करा, नाक दाबून तोंडावाटे दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात ३० वेळा दाबा, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला, बोलू लागला तरी रुग्णालयात न्याच. फुप्फुसात पाणी गेलेल्या माणसाला काही तासांनी धाप लागू शकते.

जेलीफिश डसली तर जागा चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा. पाकटाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखान्यात न्या.

तीन महिने आधीपासून

ही सगळी तयारी किनाऱ्यावर पोहोचल्यावर होत नाही. पहिल्या महिन्यात विहारात पालकांची बैठक घ्या, यादी करा, कॉलेजचे पत्र घ्या, रक्त तपासा. दुसऱ्या महिन्यात रोज अर्धा तास चालणे, आणि जिथे तलाव व शिकवणारा मिळेल तिथे तरंगायला शिकणे. पाठीवर एक मिनिट शांत तरंगता आले तरी जीव वाचण्याची शक्यता वाढते. तिसऱ्या महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरला बोलावून छाती दाबण्याचा सराव उशीवर करून घ्या. वीस मुले हे शिकून परत आली तर समुद्रावरून आल्यावरही गावच्या शेततळ्याजवळ, नदीजवळ ती कामाला येतील. हा सहलीचा सर्वांत मोठा नफा.

विहारात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत किती मुला-मुलींना पोहता येते? शिकायला सुरक्षित जागा कुठे आहे?
२. मागच्या सहलीत कोण आले नाही? का आले नाही, हे कोणी जाऊन विचारले का?
३. आपल्या घरात सर्वांची सिकलसेल तपासणी झाली आहे का? कार्ड कुठे ठेवले आहे?
४. ११२, १०८ आणि १५५४ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ आहेत का?

पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास या चार प्रश्नांना द्या आणि उत्तरे वहीत लिहून ठेवा. त्या माउलीला आम्ही दिलेले उत्तर इथेही लिहितो. समुद्र पाहून पोट भरत नाही, हे खरे. पण "हे आपल्यासाठी नाही" असे ज्याच्या मनात भरवले गेले आहे, ते लेकरू एकदा त्या पाण्यासमोर उभे राहिले की पुढच्या वेळी विद्यापीठाच्या, कार्यालयाच्या, न्यायालयाच्या दारासमोर उभे राहताना त्याचा पाय थोडा कमी अडखळतो. ते धडधाकट परत यावे, एवढी जबाबदारी आपली.

जय भीम.